रिफ्रॅक्टरी म्हणजे काय

१० जून

चि. भाचीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? दवाखान्यातल्या बाकावर झोपून आखडली असेल. जावईबापूंचा खोकला हटला का? आणि आमची ठकी? तुझ्या आईच्या तोंडाला चव आली, की अजून नर्सबाईंवर डोळे वटारणं चालूच?

फेरीवर आलेले डॉक्टर ठकीच्या खाटेशी ‘रिफ्रॅक्टरी’ म्हणाले आणि तुला अर्थ विचारायचा धीर झाला नाही, असं लिहिलंस. अगं वेडे, हा शब्द मला विचार! पोलादाच्या भट्टीला आतून विटा लावण्यात माझा जन्म गेला. विटांच्या खोक्यांवरची अक्षरं लावत लावतच मी इंग्रजी शिकलो. रिफ्रॅक्टरी म्हणजे आगीला दाद न देणारी वीट. आत पोलादाचं पाणी होतं, ही आपली ढिम्म. डॉक्टरांनी ठकीला बरोबर ओळखलं म्हणायचं! लहानपणी बाबांनीही तिच्यापुढे हात टेकले होते.

दोन औषधं झाली, आता तिसरं नको, घरी न्या, म्हणून अडून बसली आहे ना? तिला हे वाचून दाखव. म्हणावं, भट्टीतली वीट अशी मध्येच पळत नाही.

लोभ आहेच, तो शालीसारखा अंगावर घेत जा.
तुझा मामा

१७ जून

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

माझी पाठ ठीक, यांचा खोकला गेला. आई तुमचं पत्र उशाखाली घेऊन झोपते. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत सुटली आहे की मी भट्टीची वीट आहे. तिसऱ्या औषधालाही हो म्हणाली.

त्या आनंदात मी डॉक्टरांना अर्थ विचारला. मामा, त्यांच्यात तो शब्द माणसाला लावत नाहीत, आजाराला लावतात. दाद देत नाही तो आईचा कॅन्सर. तिसऱ्या औषधानं मिळाले तर थोडे आठवडे, तेही उलट्यांत आणि तोंडातल्या फोडांत. नको म्हणालात तर चुकलात असं मी म्हणणार नाही, असं ते म्हणाले. औषध २९ तारखेला सुरू होईल.

आईशी बोलायला गेले, तर तुला मामापेक्षा जास्त कळतं का, म्हणून हसली. माझ्याच्यानं पुढे बोलवलं नाही. तुम्हीच लिहा. तुमचंच ऐकते ती.

माया असू द्यावी.
तुमची भाची

२१ जून

चि. ठकीस आशीर्वाद.

हे तू स्वतः वाच, पोरीला वाचायला लावू नकोस. ती सगळं जाणते, तिच्यावर रागावू नकोस.

ठके, मी अर्थ सांगितला तो माझ्या भट्टीतला. डॉक्टरांचा वेगळा आहे. ते तुझ्याबद्दल बोलतच नव्हते गं, दुखण्याबद्दल बोलत होते. ते औषधाला दाद देत नाही. तिसऱ्यालाही देईल असं त्यांना वाटत नाही. हा कागद लिहायला घेतला आणि किती वेळा खाली ठेवला, काय सांगू.

डॉक्टरांना विचारलं असतं तर कळलं असतं. पण मला बहीण हवी होती, म्हणून हवा तो अर्थ उचलला आणि वर तुला पळपुटी म्हणालो. घरी न्या म्हणत होतीस, तेच शहाणपणाचं होतं. इथे घरी खिडकीशी खाट टाकली आहे. जिना तुला चढवणार नाही, दोघे गडी सांगून ठेवलेत. एकदा पाहू म्हणून औषध घ्यायचंच ठरवलंस, तर उशाशी येऊन बसतो. पण माझ्या शब्दाखातर घेऊ नकोस.

आजवर माझ्या पत्रांना सवडीनं उत्तरं दिलीस, मी कधी बोललो नाही. या खेपेला उशीर करू नकोस. औषधाला हो की नाही, एवढंच लिही, पण तुझ्या हातानं.

तुझा दादा