करंजाखालची मूठभर माती

प्रिय आप्पा,

रविवारी गावी जाऊन चोपणातली वाळलेली रोपं उपटली. ज्या गोष्टीवर आपण पुन्हा कधी बोललो नाही, ती तिथंच पुढ्यात आली, म्हणून लिहायला बसले.

उजनीच्या पाण्याकाठची ती पट्टी. उसाला पाणी पाजून पाजून खार वर आलेली, उन्हात पांढरीफटक पडणारी. माती तपासायची नोकरी करणारी तुमची लेक ती सुधारायला निघाली होती. जिप्सम टाकलं, चर काढले, सोडियम धुऊन गेला. तिथवर आपलं जमलं.

लागवडीच्या दिवशी तुम्ही बांधावरच्या जुन्या करंजाखालची माती टॉवेलात बांधून आणलीत. प्रत्येक खड्ड्यात एक मूठ, ही तुमच्या वडिलांपासूनची रीत. मी मात्र करंजाच्या रोपांची मुळं धुऊन बुरशीनाशकात बुडवली होती. कामाला आलेल्या चार माणसांसमोर म्हणाले, "आप्पा, हा अडाणीपणा बास करा. रोग येतो त्यानं." तुम्ही टॉवेल उचलून बाजूला झालात.

काही बुरशी मुळांना धरून जगते, मुळांची साखर खाते आणि बदल्यात मातीतलं पाणी, स्फुरद आणून देते. खाऱ्या जमिनीत रोपाला तिचा केवढा आधार! हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. मग त्या दिवशी डोकं कुठं गेलं होतं माझं?

कडेची सहा रोपं तेवढी हिरवी होती. त्यांतल्या एकाचं मूळ आज सोलापुरात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले. आईला फोन केला.

"तू गेल्यावर त्यांनीच टाकली की माती. सहा खड्ड्यांत सरली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"मी म्हनलं हुतं सांगा. तर म्हनले, पोरगी लई शिकलीया, चारचौघांत तिला खोटं पाडाय नगं."

आप्पा, मी तुम्हाला चारचौघांतच बोलले होते. एकदा रागवायचं तरी! त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत दोन वर्षं दर रविवारी एका ताटाशी बसलो आपण. माफी मागायला तेवढे रविवार होते, आणि मी तुम्हाला खतांबद्दल सांगत राहिले.

तो जुना करंजही आता नाही. बांध रुंद करताना माझ्याच सांगण्यावरून पाडला.

पावसाळ्यात पुन्हा लावणार आहे. त्या सहा रोपांखालची माती घेईन, तुमच्याच टॉवेलात. त्याच चार माणसांना बोलावीन, आणि पहिला खड्डा भरण्याआधी अडाणी कोण होतं ते त्यांच्यासमोर सांगेन.

तुमची
शैला