एक खडा विरघळवायला हवा

९ मार्च

आले! खडे आले!

मुंगी धावत वर्गाच्या दारात आली. पाच वर्षांत ही मुलगी धावलेली मी पाहिली नव्हती. मान खाली घालून एका रेषेत चालते, म्हणून तर सगळा विभाग माझ्या या शेवटच्या विद्यार्थिनीला मुंगी म्हणतो. मी हातातल्या खडूसकट तिच्या मागे. सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात चार-सहा खडे, लख्ख, कडा कोरून काढल्यासारख्या. (लेखात लिहायचं तेव्हा स्फटिक, लॅबमध्ये खडेच.) उकळत्या पाण्यातही न बिघडणारं आमचं हट्टी प्रथिन! इतकी वर्षं थेंबात नुसता गाळ धरायचं. आता खड्यांवर क्ष-किरण टाकले की त्याचा आकार कळेल, मुंगीचा प्रबंध पुरा होईल आणि मी महिनाअखेर निवृत्त व्हायला मोकळी!

तिला मिठी मारली. माझ्या हातातल्या खडूची रेघ तिच्या पाठीवर. दिवसभर तशीच हिंडत होती.

घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे आता जेवताना तुझं लक्ष ताटात असेल तर!" असेल बाबा, असेल.

१० मार्च

किती दिवसांनी गाढ झोप लागली.

१२ मार्च

विभागप्रमुख स्वतः लॅबमध्ये आला. एके काळचा माझाच विद्यार्थी. भर उन्हाळ्यातही टाय सुटत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्याला टायवालाच म्हणते. "मॅडम, तुमच्या निरोप समारंभातच जाहीर करू! पडद्यावर मोठ्ठा फोटो!" म्हटलं, आधी क्ष-किरणांचं होऊ दे. ते यंत्र दुसऱ्या गावी, आमची तारीख पुढच्या महिन्यात. "तोवर तुम्ही कुठे असणार मॅडम?" — हे त्याचं उत्तर.

मग दारातून वळून म्हणाला, "सुटली हो ती. तुमच्यानंतर तिला मार्गदर्शक बदलावा लागला असता, आणि हाती काहीच नसताना तोच विषय कोण चालू ठेवणार?" म्हणजे तिची पाच वर्षं पाण्यात. कित्येक महिने हीच चिंता होती मला. आज ती नाही. हलकं हलकं वाटतंय.

मुंगीने खड्यांचा फोटो लॅबच्या दारावर चिकटवलाय. आईवडिलांनाही पाठवला म्हणे.

१५ मार्च

दुसऱ्या वर्षाचा वर्ग. प्रथिनं शिकवायला लागले की मला माझं वय आठवत नाही. दरवर्षी जुन्या टेलिफोनची वेटोळी वायर घेऊन जाते — ओढली की सरळ, सोडली की पुन्हा वेटोळं. पोरं हसतात, पण परीक्षेत तेवढं बरोबर लिहितात.

मग खडे कसे दिसतात म्हणून पुस्तकातलं चित्र पडद्यावर लावलं. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन. त्याचे खडे इतके सहज होतात की शाळकरी मुलंही करतात. तर मागच्या बाकावरची ती सदा कुजबुजणारी पोरगी ओरडली, "मॅडम, हा तर मुंगीताईंच्या दारावरचा फोटो!"

वर्ग हसला. मीही हसले. आणि हसता हसता पडद्याकडे पुन्हा बघितलं.

आमचं प्रथिन तयार होतं जिवाणूंच्या पोटात. ते बाहेर काढायला जिवाणू फोडावे लागतात. आणि फोडायला आम्ही टाकतो काय? हेच, अंड्यातलं प्रथिन! चिमूटभर. नंतर धुऊन काढतो. सगळं निघालंच नसेल तर? आमचं बसलं रुसून आणि पाहुण्यानेच घर बळकावलं, असं तर नाही?

देवा, नको!

१६ मार्च

ह्यांच्यापाशी मन मोकळं केलं. हे निवृत्त मुद्रितशोधक, छापखान्यात आयुष्य गेलं. पहिला प्रश्न काय, तर "छापलंय का कुठे?" नाही. "मग जीव कशाला टांगणीला लावतेस? छापून झाल्यावर सापडली तर ती चूक. आधी सापडली तर ते काम." जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, शहाणपण येणारच! पण खरंच धीर आला.

१७ मार्च

मुंगीला सांगितलं. एक खडा विरघळवायचा आणि जेलवर, त्या लिबलिबीत थरातून, चालवायचा. जड प्रथिन वर अडकतं, हलकं खाली घसरतं. आमचं प्रथिन अंड्यातल्याच्या तिप्पट जड, तेव्हा थरात त्याची पट्टी कुठे येते यावरून लगेच कळेल. खरं तर पहिल्याच दिवशी करायची गोष्ट. पण इतक्या वर्षांनी आलेला खडा विरघळवायला हात धजत नाही. हे आमच्याच धंद्यातलं वेड!

ती थेंबांच्या पेटीसमोर आडवी उभी राहिली. "नाही मॅडम. मोजके तर आहेत! यंत्रावर गेले की कळेलच ना."

"तोवर समारंभात टाळ्या वाजून गेलेल्या असतील."

"तुमचा माझ्यावर विश्वासच नाही."

"तुझ्यावर आहे गं. खड्यावर नाही."

रडली. माझीच लॅब, मला पेटी उचलता आली असती. नाही उचलली. चिडले मात्र भयंकर! तो राग घरी येऊन ह्यांच्यावर काढला. बिचारे.

१९ मार्च

तिने विरघळवला. आपणहून.

पट्टी पार तळाला. अंडं!

तिने जेल पुन्हा उजेडात धरून पाहिलं. मग ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, मी पाच वर्षं खपून अंड्याचे खडे काढले." मला हसू फुटलं. शोभत नाही, पण आवरेचना. तीही हसली, मग रडली, मग नाक पुसून दारावरचा फोटो काढून आली.

खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. पडद्यावर तो फोटो, टाळ्या, आणि महिन्याभराने सगळीकडे शोभा — विचारही नको! अब्रू वाचली. पण माझीच. तिच्या हाती काय उरलं? काही नाही. हे लिहिताना लाज वाटतेय.

२० मार्च

टायवाल्याला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने टाय सैल केला. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्यानंतर तिचा मार्गदर्शक मीच होईन. सत्र संपेपर्यंत खऱ्या प्रथिनाचा एक तरी खडा होतो एवढं दाखवा, विषय तोच ठेवतो. नाहीतर माझेही हात बांधलेले आहेत."

पोरगा चांगला आहे. टाय काही का घालेना.

२२ मार्च

मुंगी आली नाही. फोन बंद.

२४ मार्च

आजही नाही. तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, ती म्हणते हे सोडून शाळेत शिकवायला जाईन. काही बोललात का हो तिला?" म्हटलं, शिकवणं काही कमीपणाचं नाही, मी जन्मभर तेच केलं. आवडीने जात असेल तर मीच पोचवायला येईन. पण तोंड लपवायला म्हणून जाऊ नको म्हणावं. ही चूक भल्याभल्यांच्या लॅबमध्ये झालीय, फक्त कोणी बोलत नाही.

२६ मार्च

आली!

आल्या आल्या हातमोजे चढवले. अंड्यातलं प्रथिन कायमचं बंद. जिवाणू आता दाबाच्या यंत्राने फोडायचे. यंत्र म्हातारं, खोकत खोकत चालतं. ती कामात, माझी आपली अखंड बडबड. संध्याकाळी नवे थेंब लावून झाले. गाळ होईल नाहीतर काय होईल ते होवो, पाहुणा तरी नाही आत.

३१ मार्च

निरोप समारंभ. पडद्यावर काहीच नव्हतं. भाषणात अंड्याची गोष्ट सांगितली, मुंगीची परवानगी घेऊन. लोक पोट धरून हसले. नंतर दोघं-तिघं हळूच कानाशी येऊन सांगून गेले, "आमचंही असंच झालं होतं हो!"

लॅबच्या किल्ल्या दिल्या. बैठका संपल्या, पेपर तपासणं संपलं. वर्गाची तेवढी चुटपुट लागेल.

थेंब अजून नुसतेच स्वच्छ. आत काही नाही.

८ एप्रिल

सवयीने सकाळी तयार होऊन चपला घातल्या. हे म्हणाले, "बाईसाहेब, स्वारी कुठे?" परत काढल्या.

मुंगीचा रोज फोन. मीठ वाढवू का? फ्रीज बदलू का? झाकण उघडून बघू का? बारीकसारीकही मला विचारल्याशिवाय करत नाही. सांगते सगळं. बरं वाटतं, आणि काळजीही वाटते. सत्र संपत आलं. माझ्याशिवाय हिचं कसं व्हायचं?

१९ एप्रिल

मुंगीचा फोन. थेंबात खडा. एकच. बारका, वाकडा, एक कोपरा तुटलेला.

म्हटलं, हात लावू नकोस! मी आत्ता निघते, तो आधी —

"विरघळवला, मॅडम. पट्टी वर आली. आपल्या जागी. सरांनी पाहिली, विषय तोच ठेवला. आता कृती सापडलीय, खडे पुन्हा काढेन."

एकुलता एक खडा! आणि मला विचारलंसुद्धा नाही.

फोन ठेवून खुर्चीत बसले. निवृत्त मी आज झाले.