एकाच पानावरचे नऊ घोडे

ता. ४ मार्च
चि. धाकोबास, ताईचे अ. उ. आ., रागासकट.

जनावरांच्या दफनभूमीच्या कचेरीत, मेलेल्या जनावरांच्या नोंदवहीपाशी बसूनच लिहिते आहे. तुमच्या तबेल्यातून चार महिन्यांत नऊ घोडे आमच्याकडे पुरायला आले. सगळ्यांच्या दाखल्यावर कारण एकच, पोटशूळ. आणि खाली डॉक्टर म्हणून सही तुझी. त्याआधी अख्ख्या वर्षात दोनच आले होते. तुला ते एकेक करून दिसले, मला एका पानावर दिसतात. एकाचं तरी पोट उघडून पाहिलंस का? की मालक म्हणाले आणि तू सही ठोकलीस?

आईचा गुडघा बरा आहे. राग उतरला की लोभ कळवीन.
ताई

ता. ९ मार्च
ती. ताईस सा. न.

पत्र वाचून डोकं फिरलं. घोड्यांना पोटशूळ होतो, त्यात मरतातही. मालक म्हणाले, घोडेस्वारी शिकायला येणारी मुलं कापाकापी पाहून बिथरतील. यात मालकांचं काय चुकलं? तू नोंदी कर, रोगाचं निदान माझ्यावर सोड. लहानपणी माझ्या वह्या तपासायचीस, ती खोड अजून गेलेली नाही.

आईला नमस्कार. आहे तेवढा लोभ पुरे.
धाकोबा

ता. १२ मार्च
चि. धाकोबास आशीर्वाद आहेतच.

काल दहावा आला. अवघा सहा वर्षांचा. मी त्याला पुरू दिलं नाही. ते पान घेऊन थेट पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे गेले. तुझी सही झाकली नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते.

बोलू नकोस हवं तर. पत्र मात्र टाक.
ताई

ता. २ एप्रिल
ती. ताईस सा. न.

दोन आठवडे तुझं तोंड पाहायची इच्छा नव्हती. अधिकाऱ्यांनी दहाव्याचं पोट माझ्यासमोर उघडलं. आतड्यात घमेलंभर वाळू. मालकांनी मोडक्या गव्हाणी काढून टाकल्यापासून चारा वाळूवरच पडत होता, आणि मी रोज तिथूनच जात होतो. मालक अजून नशिबाला बोल लावतात. मी सगळ्यांदेखत त्यांच्यावर ओरडलो. निम्मं ओरडणं माझ्यासाठीच होतं. माझी सही सहा महिने बंद केली आहे, योग्यच केलं.

गव्हाणी पुन्हा बसल्या. परवा पांढऱ्या पायांची घोडी आडवी झाली. नव्या डॉक्टरीणबाईंनी तिला नळीने इसबगोल पाजलं, मी नुसता डोकं धरून उभा होतो. आज तिच्या लिदीतून वाळू पडली. ताई, लीद पाहून मी रडलो.

अजून रागावलेलीच असशील. तशीच ये.
धाकोबा