उपाशीची उलटी खुर्ची

३ मार्च

आज उलट्या खुर्चीत बसले! खरंखुरं, इंजिन चालू असताना!

आमच्या हेलिकॉप्टरला पोटच नाही. पुढे डोकं, मागे शेपटी, मध्ये नुसता कणा आणि खाली लोंबणारी साखळी. म्हणून सगळे तिला 'उपाशी' म्हणतात. नऊ टन उचलते बया! वैमानिकाच्या पाठीमागे एक खुर्ची आहे, तिचं तोंड शेपटीकडे. तिथे बसणाऱ्यानं लटकत्या ओझ्यावर नजर ठेवायची आणि पुढच्याला सांगत राहायचं, इकडे घ्या, तिकडे घ्या. तीस वर्षं त्या खुर्चीत बाबा बसायचे. आता मी. पण महिनाभरच, परीक्षेपुरती. महिनाअखेर मामा कागदावर सही करतील किंवा नाही करणार. मामा म्हणजे आमचे मुख्य वैमानिक. नात्यानं कुणाचेच नाहीत, पण मामा सगळ्यांचे. सही झाली नाही तर मी परत गोदामात, नटबोल्टांचे डबे लावायला.

घरी येऊन उड्या मारत सांगितलं. बाबा पुठ्ठा कापत बसले होते. "पट्टा नीट लावलास ना?" बस्स, एवढंच!

५ मार्च

आमच्यात डावं-उजवं म्हणायचंच नाही. मी मागे तोंड करून बसते, म्हणजे माझं डावं ते मामांचं उजवं. गोंधळ नको म्हणून उडायच्या आधी दोन बाजूंच्या दोन वस्तू ठरवायच्या. आज शाळा आणि पूल. "शाळेकडे चार फूट... पुलाकडे एक... बस्स!" मस्त जमलं. ही पद्धत कुणी काढली, विचारलं. मामा म्हणाले, "जुन्या लोकांनी."

मला यात नवीन काहीच नाही. आमच्या घरी पहिल्यापासून हेच. मीठ खिडकीकडच्या फळीवर, चपला जिन्याकडे. लोकांचे वडील कामाची कटकट घरी आणतात, आमच्याकडे अख्खं हेलिकॉप्टर आलं होतं.

६ मार्च

आता खरं लिहिते. इथे नाही लिहिणार तर कुठे? मला डावं-उजवं कळत नाही. एकतीस वर्षांची घोडी मी, पण "डावा हात वर" म्हटलं की आधी घड्याळ शोधते. घड्याळ असतं तो डावा. शाळेत कवायतीला अख्खा वर्ग एकीकडे वळायचा आणि मी दुसरीकडे. कुणालाही सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. वस्तू ठरवायची पद्धत आहे म्हणून निभावतंय. पण मामांना कळलं तर कसली खुर्ची नि कसलं काय!

९ मार्च

सुट्टी. बाबांचा पुठ्ठ्याच्या हेलिकॉप्टरांचा ताफा वाढतोय. कपाटावर आठ पात्यांचं अजस्र धूड आहे. शेजारी ते विचित्र प्रकरण, ज्याच्या पात्यांच्या टोकांतून जाळ निघायचा आणि मैलोन् मैल लोक आवाजाची तक्रार करायचे म्हणे. आता सगळ्यांत मोठं चाललंय. दोन पंख, दोन्हीच्या टोकाला एकेक भलामोठा फिरता पंखा. अख्ख्या जगात दोनच बनली होती. बाबांनी आठवडाभर खपून पंख कापले आणि चिकटवायला गेले तर काय, दोन्ही पंख एकाच बाजूचे! आई हसून हसून बेजार. "चष्म्याचा नंबर वाढलाय," बाबा म्हणाले आणि मुकाट्यानं नवा पुठ्ठा काढला.

१२ मार्च

वाट लागली.

कारखान्याच्या छपरावर धुराडं बसवायचं होतं. एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला निळा ट्रक. ठरवलं कुणी? मीच शहाणीनं! "ट्रककडे तीन फूट... ट्रककडे दोन..." सगळं सुरळीत. माझे डोळे धुराड्यावर. तेवढ्यात ट्रकवाला गाडी चालू करून, अंगणाला वळसा घालून टाकीपाशी जाऊन उभा राहिला. मी म्हणतेय ट्रककडे, मामांना ट्रक दिसतोय टाकीपाशी. त्यांनी तिकडे घेतलं. धाडकन आवाज झाला.

कानात मामा ओरडले, "ट्रक सोड! सरळ डावं-उजवं सांग मला!"

आणि माझी दातखीळ बसली. मनगटाकडे पाहिलं तर हातमोजा! शेवटी त्यांनीच वर उचललं आणि चकरा मारून कसंबसं बसवलं. कुणाला लागलं नाही, हेच नशीब.

उतरल्यावर म्हणाले, "चाकं असलेली वस्तू निवडतं का कुणी? आणि वाचा का गेली तुझी?" घाबरले, म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण पूर्ण खरंही नव्हतं.

१३ मार्च

टाकीला पोचा आलाय. मलाही.

१८ मार्च

मामांनी बोलावलं. "डोंगरावरच्या वेधशाळेचा घुमट बसवायचाय. अठ्ठावीसला. सात टन. ते नीट केलंस तर सही. नाही तर गोदाम." वर भिंतीवर नवा नियम लिहून टाकलाय — चाकं असलेलं नको, पाय असलेलं नको! सगळे माझ्याकडे बघून खिदळतात. खिदळू देत.

२१ मार्च

डोंगर पाहून आलो. एका बाजूला वेधशाळेची भिंत, झकास. दुसऱ्या बाजूला नुसतं गवत! झाड नाही, दगड नाही, काही नाही. लाल पिंप ठेवून पाहिलं. उपाशीचा वारा लागला आणि पिंप गडगडत थेट दरीत! झेंडा रोवला, तोही गेला. मामा डोकं खाजवत बसले.

जेवताना मी हे रडगाणं गायलं. बाबा घास चावत होते. म्हणाले, "मी उभा राहतो."

"काहीतरीच काय बाबा! गुडघे बघा तुमचे!"

"त्या वाऱ्याची नि माझी तीस वर्षांची ओळख आहे. लांब, गवतात पाय रोवून उभा राहीन. पिवळा रेनकोट घालीन."

आई म्हणाली, "जाऊ दे त्यांना. तेवढीच पुठ्ठ्याला विश्रांती."

मामांना फोन केला. म्हटलं, पाय असलेलं चालणार नाही ना? ते म्हणाले, "तुझ्या बाबांना पाय आहेत, पण ते हलणार नाहीत. मी ओळखतो त्यांना."

२८ मार्च

झालं! झालं! झालं!!

छोट्या हेलिकॉप्टरनं बाबा आधीच वर पोचले होते. आम्ही घुमट घेऊन आलो तेव्हा पिवळा ठिपका गवतात तयार. मामा रेडिओवर म्हणाले, "मला नीट दिसत नाही तुम्ही. तुमच्या उजव्या हाताला दहा पावलं सरका." बाबा तुरुतुरु चालले, ते नेमके उलटीकडे! "अहो, उजव्या हाताला!" बाबा आणखी पाच पावलं तिकडेच. मग मामा हसले. "दरीकडे हो, दरीकडे!" तसे बाबा लगेच वळले आणि बरोब्बर जागेवर जाऊन थांबले.

मग मी बोलायला लागले. "भिंतीकडे सहा फूट... बाबांकडे दोन... बाबांकडे एक..." वाऱ्यानं रेनकोट नुसता फडफडत होता. गवत लोळत होतं, बाबा जागचे हलले नाहीत. चाळीस मिनिटं! "बाबांकडे अर्धा फूट. बस्स. सोडा." घुमट असा बसला की खालच्या माणसांनी टोप्या उडवल्या. मी हातमोज्यानं नाक पुसलं.

उतरल्यावर मामांनी तिथेच, माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. बाबा म्हणाले, "आवाज स्पष्ट येतो तुझा. रेडिओवर ऐकत होतो." माझ्या बाबांकडून हे म्हणजे भाषणच!

२९ मार्च

सकाळी चहा देताना सहज विचारलं, "बाबा, तुमचा उजवा हात कुठला?"

त्यांनी झटकन मनगटाकडे पाहिलं. घड्याळ टेबलावर होतं. मग माझ्याकडे पाहिलं. मीही माझ्या मनगटाकडेच बघत होते.

आतून आई म्हणाली, "कळलं एकदाचं!"

बाबा कपात बघत हसले. "मग ती पद्धत मी काय उगाच काढली होती?"