सोफ्याच्या पायावरचं हळदीकुंकू

आई, गेल्या आठवड्यात भर मीटिंगमध्ये मी तुला ओळख दिली नाही. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही, म्हणून हे लिहायला बसले. तू सांगलीला ज्यांच्याकडे आयुष्यभर सोफ्याची कव्हरं शिवलीस, त्यांच्याच साताऱ्याच्या ऑफिसात मी आता जाहिरातीचं काम बघते. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी इथे नोकरीला लागले. थोरले मालकही गेले, आता त्यांचा मुलगा बघतो. तो लहानपणापासून बाहेर शिकायला, त्यानं तुला कधी पाहिलंच नाही. मुलाखतीत घरची चौकशी झाली नाही आणि मीही काही सांगितलं नाही. वशिल्यानं आले असं कुणी म्हणायला नको, अशी मी मनाची समजूत घातली होती.

या महिन्यात मालकांनी मला खर्चाचा हिशोब मांडायला सांगितला. नव्या कॅटलॉगसाठी सोफ्यांचे फोटो काढायचे, की संगणकावर चित्रं बनवून घ्यायची? हल्ली सोफा तयार व्हायच्या आधीच त्याचं चित्र तयार होतं. मापं द्यायची, कापडाचा तुकडा पाठवायचा, की पडद्यावर अगदी खरा वाटेल असा सोफा, मागे खिडकी, खिडकीत महाबळेश्वरासारखं धुकं. मी फोटोच्या बाजूचा खर्च लिहीत गेले. सांगलीहून टेम्पो, हमाल, हॉलचं भाडं, फोटोग्राफर, वाटेत ओरखडा पडला तर पुन्हा पॉलिश. सगळ्यात शेवटी लिहिलं, 'एक मदतनीस', आणि हात थांबला. एकाच सोफ्याचे दोन-चार फोटो हवे असतील तर फोटोच स्वस्त पडतात. पण तोच सोफा दहा रंगांत दाखवायचा तर संगणकावर नुसता रंग बदलायचा असतो. फोटोसाठी दहादा कव्हर शिवावं लागतं, दहादा ते ओढून बसवावं लागतं. ते काम कसं करतात, हे त्या ऑफिसात माझ्याइतकं कुणी जवळून पाहिलेलं नाही.

मी लहान आहे. रविवार आहे, शाळा नाही, म्हणून तू मला कारखान्यात घेऊन आलीयस. पांढऱ्या पडद्यापुढे सोफा मांडलाय आणि तू त्याच्या मागे जमिनीवर पालथी पडलीयस. पुढे सुरकुती दिसू नये म्हणून दोन्ही मुठींत कापड ताणून धरलंयस. फोटोग्राफर ओरडतो, "मावशी, कोपर दिसतंय!" मागून तुझा आवाज येतो, "आवं, धरलंय न्हवं? काढा की बिगीनं, हाताला रग लागली." मी हळूच दुसऱ्या सोफ्यावर टेकते, तर तिथूनच मला दम, "ऊठ गं! लोकाची वस्तू हाय ती." तुला मागून कसं दिसलं, देव जाणे. त्याआधी तू कमरेची डबी काढून सोफ्याच्या पुढच्या पायाला हळदीकुंकू लावलेलं असतंस. फोटोग्राफर वैतागतो, पुसा म्हणतो. तू कसली ऐकतेस! "लगीनघरी जायाचाय त्यो. लेक सासरी धाडताना मोकळ्या कपाळानं धाडत्यात व्हय?" थोरले मालक दारात उभे असतात. ते हसून म्हणतात, राहू दे.

तो सोफा अजून खपतो, म्हणून त्याचे तेच जुने फोटो मी संगणकवाल्यांना नमुना म्हणून पाठवले. त्यांनी सोफा हुबेहूब उतरवला. इतका, की पायावरचा लाल-पिवळा ठिपकासुद्धा. मीटिंगमध्ये त्यांचा माणूस पडद्यावरून विचारतो, "हे डिझाइनमध्ये आहे का? ठेवायचं?" सगळे हसले. मालकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे कुणाचं काम?" मी म्हणाले, "पूर्वी कामाला एक बाई होती. तिची सवय होती तशी." वर कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "काढून टाका." काढायचे वेगळे पैसे पडत नाहीत म्हणाला तो पडद्यावरचा माणूस, आणि आमच्या डोळ्यांदेखत पाय कोरा झाला.

कोपऱ्यात सांगलीच्या कारखान्यातून मीटिंगला आलेले मिस्त्रीमामा बसले होते. तुझ्या शेजारी बसून ज्यांनी सोफे बांधले आणि मला कडेवर खेळवलं, तेच. मी कुणाची कोण, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आता बोलणार, असं मला वाटलं. ते बोललेही. "व्हय सायेब, हुती एक बाई. लय गुणाची हुती." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. जिन्यात गाठून मी "मामा" म्हणाले, तर म्हणतात, "ऱ्हाऊ दे पोरी, नोकरी हाय तुजी." त्यांना वाटलं, मी नोकरीपायी गप्प बसले. आई, नोकरीला काही धक्का लागला नसता. मालक भला माणूस आहे, त्यानं उलट कौतुकच केलं असतं. पण त्या खोलीतल्या कडक इस्त्रीच्या माणसांनी माझ्याकडे जमिनीवर पालथं पडणाऱ्या बाईची मुलगी म्हणून बघू नये, एवढंच मला हवं होतं. लाज वाटते गं मला स्वतःची.

हिशोबात संगणकच स्वस्त ठरला, आणि तो हिशोब मी चोख मांडला होता. आता कुणाला सोफ्यामागे पडून पाठ मोडून घ्यावी लागणार नाही, हे बरंच झालं. त्याबद्दल तूही मला बोल लावला नसतास. नव्या कॅटलॉगची पहिली नमुना-प्रत छापून आलीय, दिसतेही छान.

हे पत्र मी दुपारच्या सुट्टीत ऑफिसातच लिहायला घेतलं होतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी डबा घेऊन आली आणि म्हणाली, "काय लिहितेस गं एवढं? डोळे का लाल झालेत?" आईला पत्र लिहितेय, एवढंच तर म्हणायचं होतं. मी कागद पालथा घातला आणि म्हणाले, "काही नाही गं, कामाचंच आहे."