शेळीताईचा आवाज

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज मी फोन लावला आणि पलीकडून मीच उचलला!

समोरच्या नागप्पाची शेळी फुगली. म्हटलं, आपल्याच वरच्या मजल्यावर भाच्याची कंपनी आहे, शेळीवाल्यांना फोनवर फुकट सल्ला देते — लावू या. फोन घेणाऱ्या मुली, दीपाली नाहीतर समृद्धी, एव्हाना सुट्टीवरून आल्या असतील. स्पीकर लावला. नागप्पा ओरडला, "शेळी फुगली ओ!"

"नमस्कार, मी शेळीताई. घाबरू नका. डाव्या बाजूला फुगली आहे का?"

माझा आवाज! टेलिफोन खात्यात उभी हयात घालवून कमावलेला!

नागप्पा एकदा फोनकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. "बाई, तुमचं तोंड तर मिटलेलं हाय की!"

शेळी सावरली. मी नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

भाचा कैवल्य पुण्यात, कंपनीत पैसे घालणाऱ्यांकडे. फोन उचलत नाही. वर जाऊन आले. खुर्च्या रिकाम्या. ते गादीचे गोळे तेवढे पडलेत — बसलं की उठायला दोघींनी ओढावं लागतं, याला म्हणे आधुनिक ऑफिस. मुलींची दिवाळीची सुट्टी वाढवली, असं मला सांगितलं होतं.

दीपालीला तिच्या गावी, तेरला फोन केला.

"सुट्टी कसली, आत्या? कामाच्या ग्रुपमधून काढून टाकलं आमाला. भाऊबीजेदिवशी! मी ओवाळत होते, तवाच मोबाईल वाजला."

ना फोन, ना भेट. बोटानं दाबलं आणि माणूस गेलं!

बुधवार, ५ नोव्हेंबर

कैवल्य आला. चहा दिला नाही.

"दसऱ्याला दोन दिवस मला माईकसमोर बसवलंस. मुलींना बोलायचं वळण लागावं म्हणून, असं म्हणालास! आणि आवाज दिलास यंत्राला?"

"तेव्हा तसंच होतं, आत्या. मग आम्ही पिव्होट केलं, म्हणजे दिशा बदलली."

माणसं काढली याला पिव्होट म्हणतात! सोलापूरच्या आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी हा शब्द असा वापरणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं.

"मुली ठेवून कंपनी मोठी होत नाही," म्हणाला. "आणि तुमचा आवाज लोकांना आवडतो. फोन ठेवतच नाहीत." मग मला खूश करायला एक गंमत सांगितली. पडद्यावर सगळं बोलणं लिहून येतं, नंबर तेवढा झाकलेला. तुळजापूरकडचा कुणी म्हातारा रोज संध्याकाळी फोन लावतो. पंधरवड्यात त्याची शेळी तीनदा व्यायली!

"आणि माझा आवाज काय म्हणाला?"

"'अभिनंदन. पिल्लांना लगेच चीक पाजा.'"

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा." हसला नालायक!

दीपाली असती तर म्हणाली असती, मामा, शेळी हाय का कारखाना? या यंत्राला तेवढीही अक्कल नाही. आणि बेअक्कल कोण दिसतंय? मी!

कंपनीचं नाव 'कळप'. भिंतीवर लिहिलंय, आम्ही एक कुटुंब. कुटुंबातून असं काढतात?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

झोप नाही. सारखा अण्णा आठवतोय — माझा सख्खा मोठा भाऊ, कैवल्यचा बाप. दोन वर्षांपूर्वी तुळजापूरच्या घरात ओरडला होता, "बंगळूरची नोकरी सोडून पोरगं शेळ्या हाकणार, आणि तू त्याला मजला देतेस? फूस तुझीच!" तेव्हापासून माझ्याशी शब्द नाही. पोराला माफ केलं, मला नाही. भाऊबीजेलाही फिरकला नाही. फोन मीही केला नाही, का करू?

आणि ज्याच्यापायी भाऊ तुटला, त्यानं माझा गळाच पळवला!

दुपारी कैवल्यला सांगितलं — माझा आवाज पुसायचा, मुलींना परत बोलवायचं. नाहीतर मजला रिकामा कर.

"आत्या, पुण्याचे लोक हात काढून घेतील. कंपनी बसेल."

"बसू दे. तुमचे गोळे आहेतच."

शनिवार, ८ नोव्हेंबर

दोन दिवस जेवायला खाली आला नाही. मीही हाक मारली नाही. आज आला, माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, काहीबाही दाबलं. "पुसला." डोळे लाल होते. पुण्याच्यांनी नाही म्हणून कळवलंय.

वाईट वाटलं. दाखवलं नाही. वाढलं मात्र पोटभर.

सोमवार, १० नोव्हेंबर

मुली आल्या! वरून हसणं ऐकू येतंय. तिसऱ्या खुर्चीवर कैवल्य स्वतः, फोन घेतोय. फुगलेली बाजू कुठली, हे त्याला अजून समृद्धीला विचारावं लागतं.

दीपाली म्हणाली, "आत्या, मी घरून फोन लावून ऐकला, तुमचा आवाज लई भारी व्हता. पण कधी रागवायचाच न्हाय. मला तवाच वाटलं, ह्या तुमी न्हाय."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

संध्याकाळी घरचा फोन वाजला. अण्णा!

कशी आहेस नाही, काही नाही. नुसता खोकला. मग —

"शामे, त्या शेळीच्या नंबरावर काल कुणी पोरगीच बोलली. तू नव्हतीस."

म्हणजे तुळजापूरकडचा तो म्हातारा! हा एवढा कमावलेला आवाज, आणि फुटेना! शेवटी म्हटलं,

"अण्णा, शेळी कशी आहे?"