टिपकागदावरचे ठिपके

२ जानेवारी
माझी खुर्ची करकरते. रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी ही तक्रार मी पूर्ण गांभीर्यानं नोंदवून ठेवतो. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवलं, मग विषयच बंद झाला. निदान बसायला तरी नीट मिळावं.

बाकी सगळं उत्तम. प्रयोगशाळा स्वच्छ, चहा गरम, शेजारी तीनशे उंदीर. पत्रव्यवहार माझ्याकडे आणि नोंदीही. मूषक म्हणजे चोरणारा. इथे मात्र चोरी होते ती त्याच्याच खासगीपणाची. त्याला चार तास टिपकागदावर ठेवतात आणि तो कुठे, किती वेळा लघवी करतो ते पाहतात. वाळलेले डाग जांभळ्या दिव्याखाली चमकतात. त्यांना पेन्सिलीनं कडा आखायच्या, मोजायचं, वहीत लिहायचं. ही म्हणाली, एवढं शिकून शेवटी हेच वाचायचं होतं का? मी म्हटलं, पुष्कळ विद्यार्थ्यांपेक्षा अक्षर बरं आहे.

८ जानेवारी
निरोगी उंदीर सभ्य असतो. एक कोपरा, दोन-तीन मोठे डाग. मूत्राशयाला सूज आणली की कागदभर शिंतोडे. प्रयोग चालवणाऱ्या बाईंनी आज कारण समजावलं. सुजेमुळे मज्जातंतू वाढवणारा एक पदार्थ तयार होतो. तंतू दाट होतात, जरा कशानंही चेततात. सूज ओसरली तरी ते जात नाहीत. थेंबभर साचलं तरी भरलं, भरलं म्हणून ओरडत राहतात. लाल पट्टीच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांना तर असा विषाणू टोचलाय, की मूत्राशयाचं अस्तरच तो पदार्थ बनवत राहतं. थांबतच नाही.

पिंजरे सांभाळणारे मामा हातमोज्यांवरून रोज टोकतात. पण मोजे घातले की कागद सुटे होत नाहीत. बोट जिभेला लावलं की झटकन उलटतात, जन्माची सवय. मामा म्हणाले, गुरुजी, ही काय पोथी आहे का?

१५ जानेवारी
काम तुंबलं म्हणून लाल पट्टीचा गठ्ठा घरी आणला. नियमात बसत नाही. कडा आखलेल्या होत्याच, हिनं भराभर मोजून दिलं. माझ्या दोन चुकाही काढल्या. तिचंही बोट जिभेला जातं. वीस वर्षांच्या संसारात एवढं साम्य यायचंच.

२३ जानेवारी
तासात तीनदा उठावं लागतं. ही म्हणते, वय झालं, कबूल करा. घरच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. जंतू नाहीत. पाणी भरपूर प्या म्हणाले. प्यायलो. फार मोठी चूक.

३० जानेवारी
बाई केसासारख्या तारेनं उंदरांच्या ओटीपोटाला स्पर्श करतात. निरोगी उंदीर ढिम्म हलत नाही. लाल पट्टीचा उडी मारतो.

दुपारी बनियनची कड पोटाला लागली आणि मी खुर्चीतून उडालो. मामांनी पाहिलं. एरवी थट्टेची संधी सोडत नाहीत. आज त्यांनी जांभळ्या दिव्याखालून माझे कागद उचलून बाजूला ठेवले, मोजे घालून.

४ फेब्रुवारी
आठवडाभर स्वतःच्या खेपा मोजल्या. आलेखावर मांडल्या. लाल पट्टीच्या रेषेवर माझी रेष तंतोतंत बसते.

बाईंना जाऊन सांगितलं. बोटाचंही सांगितलं. त्या उठून हात धुऊन आल्या. हा विषाणू माणसाला लागत नाही, म्हणाल्या. निदान आजवर लागलेलं नाही. रक्त घेतलं. उपाय विचारला, तर म्हणाल्या, तो असता तर हा प्रयोग कशाला केला असता?

घरी नेलेल्या गठ्ठ्याचं बोललो नाही. नोकरी जाईल म्हणून. असा मी.

९ फेब्रुवारी
पट्टा सोडला. पायजम्याची नाडीही सैल— तरी कापड लागतंच. पाणी घोट-घोट. आत काहीतरी फुटतंय, मुळं फुटावीत तसं— उपमा पुरे. दुखतं.

रक्ताचा निकाल आला. विषाणू आहे.

१२ फेब्रुवारी
लाल पट्टीची वही पाहिली. अकराव्या आठवड्यानंतरची पानं कोरी. मामांना विचारलं, पुढचे उंदीर कुठे ठेवलेत? ते म्हणाले, पुढचे नाहीत, गुरुजी. पाणी सोडतात ते. पुढ्यात असलं तरी पीत नाहीत.

१४ फेब्रुवारी
ही शिवण टाकून दुपारभरात सहा वेळा उठली. थंडी फार आहे, म्हणते. थंडी नाही.

१६ फेब्रुवारी
तिनं साडीची गाठ सैल केली. मला दिसू नये म्हणून पाठ फिरवून.

१७ फेब्रुवारी
संडासात बसूनच लिहितो. इथून उठणं आता— माझं काय व्हायचं ते होवो, ती खरी काळजी नाही. खरी काळजी ही, की तिनं तो गठ्ठा माझ्यामुळे हातात घेतला आणि मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती समजते, वय झालं. काल हसून म्हणाली, तुमचीच लागण झाली बघा. तिला अकरा आठवडे कसे सांगू? माझे पाच उरले, तिचे—

दार वाजवते आहे. दुसऱ्यांदा. लवकर आटपा, म्हणते, मला आता अजिबात—